मुळातकाका

आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर छापून येतं. एरवी लहानथोर सगळ्यांसाठी ते मुळातकाका. उपम्यात गाजराचा तुकडा दिसला की काका म्हणणार, “मुळात उपम्यात गाजर नसतं.” रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी लक्ष्मणरेषेपाशी गळा दाटून आणला की तिसऱ्या रांगेतून आवाज येणार, “मुळात वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाहीच.” हे खरं आहे. पण पुढच्या दोन रांगांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेला असताना खरं बोलायची एवढी निकड कुणाला असते? काकांना असते. बुवा हल्ली आमच्याकडे यायच्या आधी फोन करून विचारतात, ते गृहस्थ गावाला वगैरे जाणार आहेत का.

तरी उपमा आणि रामायण ही काकांची किरकोळ खाती. मुख्य खातं म्हणजे मुलांच्या पुस्तकांवरून काढलेले सिनेमे. ज्यात चेटकिणी असतात, प्राणी बोलतात, एखादं अनाथ नाहीतर अर्धपोटी पोर असतं आणि जाहिरातीत ‘सहकुटुंब पाहा’ असं लिहिलेलं असतं, ते सिनेमे. मोठ्यांच्या कादंबरीवर सिनेमा निघाला तर काका ढुंकूनही बघत नाहीत. “त्यात काय वाट्टेल ते बदला. मोठी माणसं मुळात वाचतातच कुठे? पोरं वाचतात. एकच पुस्तक वीस-वीसदा वाचतात. त्यांच्या ठेवीला हात लावायचा नाही.”

ठेव, खातं, तूट ही भाषा काकांच्या तोंडी आली ती नोकरीतून. ते एका बँकेत होते, त्यातही तपासणी खात्यात. उभी हयात दुसऱ्यांच्या शाखेत जाऊन, त्यांचाच चहा पिऊन, त्यांच्याच चुका काढण्यात गेली. 2000 सालानंतर सरकारी बँकांत व्हीआरएसची लाट आली, तेव्हा काकांनीही अर्ज टाकला. संगणक आले होते आणि बेरजा आपोआप जुळायला लागल्या होत्या. आपोआप जुळणाऱ्या बेरजेत काकांना रस नव्हता. ते घरी बसले. पहिल्या काही दिवसांत काकूंच्या डब्यांची मोजदाद झाली, वाण्याच्या वहीतली तफावत काढून झाली आणि ती वाण्याच्या नुकसानीची निघाल्यामुळे काकूंना पदरचे पैसे भरावे लागले. त्यानंतर काकूंनी देवाला काय साकडं घातलं ते ठाऊक नाही, पण सुट्टीला आलेली भाचीची मुलं जाताना सोफ्याखाली एक पुस्तक विसरून गेली. रोआल्ड डालचं ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’. काकांनी ते उचललं, धूळ झटकली, वाचून काढलं, परत पहिल्यापासून वाचलं. लहानपणी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर वाढलेला माणूस. चाळीस वर्षं खतावण्या वाचून सुकलेली मुळं भिजली म्हणायची.

पुढे 2005 साली टिम बर्टनचा सिनेमा आला. सोसायटीतली अर्धा डझन पोरं, काकू आणि वाहतुकीची व्यवस्था म्हणून मी, असे आम्ही मल्टिप्लेक्सला गेलो. काकांच्या हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक, त्यात खुणेला जुनी पीएमटीची तिकिटं, शर्टाच्या खिशात टोक केलेली पेन्सिल आणि किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली इवलीशी बॅटरी. दारावरच्या रखवालदारानं पिशवीतला चिवडा काढून ठेवला. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढच्या अडीच तासांत थिएटरातल्या अनेकांना वाटलं असणार, की चिवडा परवडला असता.

सुरुवात बरी झाली. वाकडं घर, एका पलंगावर चार म्हातारी माणसं, कोबीचं सूप. काका अंधारात पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत होते. त्याचा आवाज येत होता. मग आजोबा जो चार्लीला पाँडिचेरीच्या राजपुत्राची गोष्ट सांगायला लागले. पुस्तकात ही गोष्ट आहे. हिंदुस्थानातला हा राजपुत्र विली वोंकाला बोलावून शंभर खोल्यांचा चॉकलेटचा राजवाडा बांधून घेतो. विटा चॉकलेटच्या, सिमेंट चॉकलेटचं, नळ सोडला की गरम चॉकलेट. वोंका म्हणतो, महाराज, लगेच खायला घ्या, टिकणार नाही. राजपुत्र म्हणतो, खायचा काय, राहायचंय मला. आणि एक दिवस ऊन पडतं. काका हे सगळं आम्हाला येताना रिक्षात सांगून चुकले होते. पडद्यावर राजपुत्र अवतरला, शेजारी त्याची राणी.

“ही कोण?” काका म्हणाले. हळू म्हणाले असं त्यांना वाटलं. “मुळात त्याचं लग्नच झालेलं नाही!”

चार रांगांनी माना वळवल्या. पुढच्या खुर्चीतल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “कुणाचं?”

वोंका आला. जॉनी डेप, गोरापान, तुळतुळीत. काकांनी बॅटरी लावून पान उघडलं. हनुवटीवर छोटी, टोकदार, काळी दाढी असल्याचं छापलेलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं, पलीकडच्या अनोळखी माणसालाही दाखवलं. त्यानं, कोण जाणे का, मान डोलावली. आणि तिथून पुढे काका त्याला साक्षीदार समजायला लागले. मध्यंतर झालं. मुळात इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतं, आपल्याकडे कुठेही कापून पॉपकॉर्न विकतात, हे काकांनी पॉपकॉर्नच्या रांगेत सांगितलं. रांग हलत नव्हती, त्यामुळे लोकांना ऐकून घ्यावं लागलं.

उत्तरार्धात खारी आल्या. पुस्तकात शंभर खारी अक्रोड फोडत बसलेल्या असतात आणि किडका अक्रोड निघाला की कचऱ्यात टाकतात. लाडावलेली व्हेरुका सॉल्ट त्यांतली एक पकडायला जाते आणि त्या तिलाच किडकी ठरवतात. बर्टननं त्यासाठी चाळीसेक खऱ्या खारींना शिकवून तयार केलं आणि बाकीच्या संगणकानं भरल्या. काका खुशीत आले. डोकं वाजवून पोरीला किडकी ठरवणाऱ्या खारी म्हणजे त्यांच्याच खात्यातली माणसं. तोंडात एक अक्षर नाही. पण मधूनमधून वोंकाचे वडील येत राहिले, दातांचे डॉक्टर, लहानपणी वोंकाला गोळ्या-चॉकलेट न देणारे. हे पात्र पुस्तकात औषधालाही नाही. काका अर्धे उठून उभे राहिले. मागून कुणी तरी ओरडलं, “ओ आजोबा, बसा!” काका बसले, पण पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

घरी आल्यावर अहवाल. तो फुलस्केपवर असतो, डावीकडे समास सोडलेला. तीन सदरं: बेकायदा जमा, बेहिशेबी तूट आणि खातेबदल. दातांचे डॉक्टर बेकायदा जमेत. पाँडिचेरीची राणी बेकायदा जमेत. दाढी तुटीत. चार्लीच्या बापाची नोकरी खातेबदलात, कारण पुस्तकात त्याचा टूथपेस्टचा कारखाना बुडतो म्हणून नोकरी जाते. सिनेमात टोपणं लावायला यंत्र आणतात आणि त्याला घरी बसवतात. या नोंदीपुढे मात्र काकांनी लाल शाईनं ‘मंजूर’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, हे कसं काय? काका म्हणाले, “हे बरोबर केलंय त्यांनी.” पुढे काही बोलले नाहीत. सबंध फाइलीत ‘मंजूर’ हा शेरा मला पुन्हा कुठे दिसला नाही.

फाइल आता बरीच जाड आहे. तिच्यात ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आहे. एल. फ्रँक बॉमचं पुस्तक 1900 सालचं, सिनेमा 1939 चा. पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे. एमजीएमवाल्यांच्या हाती टेक्निकलर होतं. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चांदी उठून दिसेना, म्हणून त्यांनी बूट माणकांचे, लालभडक केले. सिनेमात सगळं शेवटी स्वप्न निघतं. पुस्तकात तसं नाही, आणि काकांकडे पुरावा आहे. डोरोथी परत येते तेव्हा वावटळीनं उडालेल्या घराच्या जागी तिच्या काकानं नवं घर बांधलेलं असतं. “घर बांधलंय! विटा-लाकूड-मजुरी, खर्च पडलाय. स्वप्नात पडतो का खर्च?” त्या लाल बुटांचा एक जोड 2005 मध्ये जूडी गारलंडच्या गावच्या संग्रहालयातून चोरीला गेला, 2018 मध्ये सापडला आणि 2024 च्या डिसेंबरात लिलावात त्याची बोली 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत गेली, ही बातमी मी त्यांना मोठ्या उत्साहानं दाखवली. काकांनी वाचली आणि कागद परत दिला. “मुळातले बूट परतीच्या वाटेवर वाळवंटात गळून पडले आणि कायमचे हरवले. चोरी जायला जागाच ठेवली नव्हती बॉमनं. याला म्हणतात अंतर्गत नियंत्रण.”

‘हॅरी पॉटर’ची फाइल स्वतंत्र. पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी पुस्तकात दोन वेगळ्या हाउसमध्ये, सिनेमात दोघी ग्रिफिंडॉरमध्ये. ही तक्रार काकांनी आमच्या इमारतीतल्या पाटलांकडे नेली. पाटलांचा या प्रकरणाशी आडनावापुरताच संबंध, पण काका म्हणाले, “तुमच्या पोरींवर अन्याय झालाय. पद्माला रेव्हनक्लॉमधून काढली, न विचारता.” आणि चौथ्या भागातल्या नाचाच्या रात्री पुस्तकात एकीचा झगा झळझळीत गुलाबी, दुसरीचा मोरपंखी असताना सिनेमात दोघींना ते तसले घागरे का नेसवले, याची चौकशी झाली पाहिजे. पाटील भिडस्त माणूस. “बघतो,” म्हणाले.

काकांना वाटतं आपण एकटे नाही, आपली एक पंचायत आहे, आणि तिच्यात खुद्द लेखक बसलेत. मेरी पॉपिन्सची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स 1964 च्या पहिल्या खेळाला रडली. कार्टूनचे पेंग्विन तिला अखेरपर्यंत पचले नाहीत. ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’चा मिखाएल एंडे 1984 चा सिनेमा बघून इतका संतापला, की त्यानं श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं, कोर्टात गेला आणि हरला. डालला 1971 चा ‘विली वोंका’ आवडला नाही. पटकथेवर त्याचंच नाव, पण ती दुसऱ्यानं भरपूर बदललेली. त्यातून या सिनेमाला पैसा पुरवला क्वेकर ओट्सनं, वोंकाच्या नावाचं चॉकलेट विकायचं म्हणून. तेव्हा नावातला चार्ली जाऊन वोंका आला. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. “सावकारानं खातेदाराचं नाव खोडून आपलं घातलं. दिवसाढवळ्या.”

एका माणसाला मात्र माफी आहे. सत्यजित राय यांनी 1969 मध्ये ‘गुपी गाईन बाघा बाईन’ काढला तो आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीवरून. वाढवली, फिरवली, भुतांचा सहा-साडेसहा मिनिटांचा नाच घातला. काकांचा निकाल असा: आजोबांच्या गोष्टीत नातवानं भर घातली तर तो घरचा मामला, त्यात बँकेनं पडू नये. आपल्या ‘फास्टर फेणे’त जादूबिदू नाही, पण 2017 चा सिनेमा काका पहिल्या दिवशी बघून आले. विद्या भवनात शिकणारा फुरसुंगीचा बन्या एकदम मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलेला बघून ते हादरले. “मधल्या इयत्ता गेल्या कुठे?” पण दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर आले तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला, असं काकू सांगतात, आणि त्या दिवशीच्या अहवालाला दुसरं पान नाही.

लोकांना वाटतं काका चिडखोर आहेत. मला तसं वाटत नाही. चिडलेला माणूस इतका चांगला जेवत नाही. दातांचे डॉक्टर सापडले त्या रात्री काकांनी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. खरी पंचाईत होते ती सिनेमा पुस्तकाबरहुकूम निघाला की. ‘हॅरी पॉटर’चा 2001 चा पहिला भाग पुष्कळसा इमानदारीनं काढलेला. काका तो बघून आले आणि गप्प. पीव्हज नावाचं उपद्रवी भूत गाळलंय आणि शेवटचं स्नेपचं बाटल्यांचं कोडं नाही, एवढ्या दोन नोंदी निघाल्या. अडीच तास बसून दोन! काकूंनी विचारलं, कसा होता? “होता ठीक. सगळं पुस्तकातलंच होतं.” आमटी तशीच ठेवून उठले. आता त्याच पुस्तकांची मोठी मालिका येणार, एका पुस्तकाला एक अख्खा हंगाम, म्हणजे काही गाळावं लागणार नाही, हे ऐकल्यापासून ते जरा धास्तावलेलेच आहेत. पीव्हजसुद्धा असला तर काय करायचं?

पण काकांचा खरा कसोटीचा काळ आला 2023 च्या फेब्रुवारीत, आणि तो सिनेमामुळे आला नाही. डालच्या प्रकाशकानं नव्या आवृत्त्यांत शब्द बदलल्याची बातमी आली. थोडेथोडके नाहीत, सगळ्या पुस्तकांत मिळून शेकड्यांनी. ऑगस्टस ग्लूप आजवर जाडा होता तो अवाढव्य झाला. काका वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आले ते चपला न घालताच. “सिनेमावाल्यांचं समजू शकतो. ते मुळात चोरच. पण पुस्तकच बदलायला लागले तर मी ताळा कशाशी जुळवू?”

मी त्यांचं सांत्वन करायला गेलो आणि आगीत तेल ओतलं. म्हणालो, काका, हे काही पहिल्यांदा होत नाहीये. 1964 च्या पहिल्या आवृत्तीत ते कारखान्यातले उंपा-लुंपा आफ्रिकेतून आणलेले काळे बुटके लोक होते. लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डालनंच ते बदलून लुंपालँडचे, गोरे आणि लांब सोनेरी केसांचे केले. तुमच्याकडची प्रत ती दुसरी. काका माझ्याकडे बघत राहिले. मग घरी गेले, पुस्तक घेऊन आले, उंपा-लुंपांचं पान काढलं. सोनेरी केस. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मूळ धरून सगळ्या जगाची तपासणी केली ती प्रतच दुरुस्त केलेली.

दोनेक दिवस काका गॅलरीत दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी दिसले तेव्हा मार्ग काढून आले होते. “डालनं केली ती खाडाखोड. पण खाडाखोडीशेजारी खातेदाराची सही असेल तर ती चालते. बँकेचा नियमच आहे. ही आत्ताची खाडाखोड पाहा. खातेदार 1990 साली गेला. सही कुणाची?” पुढे प्रकाशकानं जुना मजकूरही छापत राहू असं जाहीर केलं. काकांनी दोन्ही प्रती मागवल्या, ओळीनं मांडून ठेवल्या आणि पेन्सिलीला नवं टोक केलं. काकू मला म्हणाल्या, “चला, दोन वर्षांची सोय झाली.”

हे सगळं सांगितलं ते गेल्या मे महिन्यातली गोष्ट कळावी म्हणून. सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं, सुट्टीत पोरांना क्लब हाउसमध्ये सिनेमा दाखवायचा. कुणीतरी 1971 चा ‘विली वोंका’ सुचवला. कमिटीत नवीन माणसं होती. त्यांनी काकांना प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलायची विनंती केली. जुन्या रहिवाशांनी एकमेकांकडे पाहिलं.

दोन शब्द चांगले लांबले. काकांनी पोरांना सांगितलं, की आता जे बघाल त्यात चार्लीचे वडील नाहीत, मुळात आहेत. खारी नाहीत, सोन्याची अंडी घालणाऱ्या हंसिणी आहेत, मुळात खारी आहेत. चार्ली आजोबांबरोबर चोरून एक पेय पितो, मुळात पीत नाही, गुणी पोरगा आहे. आणि पाँडिचेरीचा राजपुत्र यात सबंधच गाळलाय. “पुढच्या रांगेतल्या, कान उघडे ठेवा. गाळलंय म्हणजे नव्हतं असं नाही.” पोरं सतरंजीवर लोळायला लागली होती. शेवटी काकूंनीच मागून दिवा बंद केला.

सिनेमा सुरू झाला. चार्लीला सोनेरी तिकीट सापडलं, तो घराकडे पळत सुटला, आणि बाहेर वळीव कोसळला. लाइट गेले. आमचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरता. क्लब हाउस त्याच्या हिशेबात नाही. चाळीस पोरं, काळोख आणि गारा. आयांचे मोबाइल चमकायला लागले. आणि त्या गोंधळात किल्ल्यांच्या जुडग्याची बॅटरी लागली.

“मुळात,” काका म्हणाले, “पाँडिचेरीला एक राजपुत्र होता.”

मी पुस्तक वाचलेलं आहे. काकांच्या तावडीत सापडल्यावर कोण वाचणार नाही? म्हणून शपथेवर सांगतो, त्या रात्री जे ऐकलं ते डालच्या बापजन्मी त्याच्या पुस्तकात नव्हतं. राजपुत्राला एक हत्ती होता. हा हत्ती लबाड. रोज रात्री येऊन दिवाणखान्याची भिंत चाटायचा. सकाळी राजपुत्र बघतो तो भिंतीला भोक! प्रधान म्हणाला, उंदीर असतील. “एवढा मोठा उंदीर?” एका पोरानं विचारलं. “तेच राजपुत्र म्हणाला,” काकांनी उत्तर दिलं. नळाला गरम चॉकलेट यायचं, पण मे महिन्यात एक दिवसाआड. मग टँकर मागवावा लागला. आमच्या सोसायटीतली पोरं. टँकर म्हटल्यावर त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. राजवाडा वितळला तेव्हा राजपुत्र हत्तीच्या पाठीवर बसून पोहत बाहेर आला आणि हत्तीनं वाटेत सगळं पिऊन टाकलं, म्हणून पूर आला नाही.

मग चार्ली. कोबीच्या सूपाचं पातळ पिठलं झालं होतं. आजोबा जो आधी बँकेत होते, तपासणी खात्यात. संगणक आले म्हणून पलंगावर पडून होते. वोंकाच्या कारखान्यात शिरल्याबरोबर त्यांनी काय केलं असेल? साठ्याची नोंदवही मागितली. वोंका घाबरला. त्याच्या हनुवटीवरची दाढी (होती, दाढी होती) थरथरायला लागली. पोरं हसून लोळत होती. गारा थांबल्या ते कुणाला कळलं नाही. मी मागे वळून काकूंकडे पाहिलं. त्या अंधारात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

लाइट आले. पोरट्यांनी कुरकुर केली, पण कमिटीनं सिनेमा जिथे थांबला तिथून लावला. वोंका काठी टेकत, लंगडत दाराशी आला. पडद्यावर टोपी आणि जांभळा कोट. जीन वाइल्डर. हनुवटी गुळगुळीत.

“दाढी कुठाय?” पहिल्या रांगेतून आवाज आला.

“मुळात दाढी आहे!” दुसरा.

मग काही आवरेना. आजोबा नोंदवही का मागत नाहीत? टँकर कधी येणार? हा माणूस चुकीचा सिनेमा दाखवतोय! प्रोजेक्टर चालवणारा पोरगा बिचारा भांबावून तारा तपासायला लागला. चौथ्या मजल्यावरची सहा वर्षांची चिमुरडी मधूनच उठली, पडद्यापर्यंत गेली, कारखान्याच्या दारामागे वगैरे हत्ती दिसतोय का बघितलं आणि भोकाड पसरलं. तिला उचलून काकांपाशी आणलं. नाक वाहत होतं. “हत्ती नाहीये,” ती म्हणाली. “काका, मुळात हत्ती होता ना?”

काकांनी खाकी कव्हरातलं पुस्तक मांडीवर घेतलं. पानं चाळायचं नाटकसुद्धा केलं नाही. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला.

“होता,” ते म्हणाले. “मोठा होता. यांनी कापला.”

पडद्याकडे बोट दाखवून असं काही म्हणाले, की ती पोरगी रडायची थांबून सिनेमावाल्यांवर रागवायला लागली. काकूंनी माझ्याकडे बघून एक भुवई उडवली. त्या रात्री फुलस्केपवर अहवाल लिहिला गेला की नाही आणि हत्ती कुठल्या सदरात गेला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

पुढच्या रविवारी मी आणि काका लिफ्टमध्ये असताना त्या मुलीची आई शिरली. आयटीत आहे, चिकाटीची. म्हणाली, “काका, तो हत्तीचा भाग मी सगळीकडे शोधला. नेटवर नाही. 2005 च्या सिनेमात राजपुत्र आहे, हत्तीची गोष्ट नाही. म्हणून पुस्तकच मागवलं, सगळं वाचलं. त्यातही नाही. ही रोज झोपताना विचारते.”

काकांनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. “कुठली आवृत्ती घेतलीत?”

“नवीच. गेल्या आठवड्यात आली.”

“मग कसा सापडेल?” काका म्हणाले. “हल्ली फार बदललंय. जुनी बघा.”

“किती जुनी?”

चौथा मजला आला होता. काकांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

“मिळत नाही आता ती,” ते म्हणाले. “पाठवून द्या तिला माझ्याकडे संध्याकाळी. मला पाठ आहे.”